पाण्याची नोंदवही
(गावचे पाणी व स्वच्छता या विषयाचा वर्षभराचा पाठ)

गावात नळयोजना येते, हातपंप बसतो, घरोघर शौचालये उभी राहतात. उद्घाटनाच्या दिवशी नळाला हार घातला जातो व नारळ फुटतो. पुढे तीन-चार वर्षांनी त्याच गावी जावे, तो हातपंपाच्या ओट्याला तडा गेलेला, सांडपाणी त्याच्याभोवतीच मुरत असलेले, विहिरीचा कठडा ढासळलेला आणि एखाद्या शौचालयात गोवऱ्या रचून ठेवलेल्या, असे दृश्य कित्येक ठिकाणी दृष्टीस पडते. प्रत्येक वेळी बांधकाम निकृष्ट होते असे म्हणता येत नाही. ज्यांना ती वस्तू कशासाठी आहे व कशी राखावयाची हे समजले होते ती माणसे पांगली, मुली सासरी गेल्या, नव्या सुना घरात आल्या, मुले मोठी झाली. आणि नव्यांना ते ज्ञान कोणी दिले नाही, हे या दुरवस्थेचे एक मोठे कारण आहे.

बांधकाम एकदा करून चालते. शिक्षण मात्र दर पिढीस नव्याने द्यावे लागते. गावात दरवर्षी ठरलेल्या वेळी नवी मुले दाखल करून घेणारी व त्यांना पद्धतशीर शिकविणारी संस्था एकच, ती म्हणजे प्राथमिक शाळा. म्हणून पाणी व स्वच्छता यांचे शिक्षण टिकावयाचे असेल तर ते शाळेत रुजले पाहिजे. पण येथे एक अडचण आहे. शिक्षकाचीही बदली होते. एखादा उत्साही शिक्षक चार वर्षे चांगले काम करतो, आणि तो गेल्यावर ते काम त्याच्याबरोबर जाते. ही अडचण ध्यानात घेऊन पुढील पाठ सुचविला आहे. त्याचा गाभा एका साध्या वहीत आहे.

१. नारूचे उदाहरण

शिक्षणाने एखादा रोग जाऊ शकतो काय, अशी शंका कोणी घेतल्यास नारूचे उदाहरण सांगावे. आज पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक ग्रामस्थांना हा रोग आठवत असेल. पायाला फोड येई, तो फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखी कृमी बाहेर पडू लागे. तिची लांबी हातभर, कधी दोन हातही असे. काडीला गुंडाळून ती रोज थोडी थोडी ओढून काढावी लागे व तुटल्यास जखम चिघळे. ऐन पेरणीच्या दिवसांत कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे.

या रोगावर लस नव्हती व तो बरा करणारे औषधही नव्हते, आजही नाही. पण त्याचा फेरा कळलेला होता. पायरीच्या विहिरीत रोगी पाय बुडवून पाणी भरी. त्या वेळी कृमीची सूक्ष्म पिल्ले पाण्यात पडत. सायक्लॉप्स नावाचे बारीक जलजीव ती गिळत. तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात ते जीव जात, आणि सुमारे वर्षाने त्याच्या पायातून नवी कृमी बाहेर येई. हा फेरा एके ठिकाणी तोडला की रोग संपणार होता.

भारतात १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या आरंभकाळी देशात वर्षाला सुमारे ४०,००० रोगी नोंदले गेले होते व बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. गावोगाव रोगी शोधण्यात आले, पायविहिरींचे रहाटाच्या विहिरींत रूपांतर झाले, हातपंप बसले, पाण्यात औषध टाकण्यात आले. या सर्वांबरोबर घरोघर एक गोष्ट शिकविली गेली : पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यावे आणि नारू झालेल्याने विहिरीत उतरू नये. देशातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. इंजेक्शनाने न जाणारा रोग गाळण्याच्या फडक्याने व समजावून सांगितलेल्या कारणाने गेला, हे मुलांच्या मनावर ठसवावे. आजीआजोबांना विचारून नारूची आठवण लिहून आणण्यास सांगितल्यास हा भाग अधिक जिवंत होईल.

अतिसार, कावीळ, विषमज्वर व जंत यांचा फेरा याहून पसरट आहे. तो केवळ गाळून तुटत नाही. पण त्याचेही मूळ एकच आहे. माणसाची विष्ठा माणसाच्याच तोंडापर्यंत पाणी, हात, माशी किंवा अन्न यांच्या वाटेने पोहोचते. प्रत्येक वाटेवर एक अडसर घालावयाचा, एवढेच या पाठाचे सूत्र आहे.

२. आरंभ शाळेपासून

गावाची पाहणी करण्यापूर्वी शिक्षकाने शाळेची पाहणी करावी. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला झाकण आहे काय? तोटी आहे, की पेला बुडवावा लागतो? टाकी मागे कधी धुतली? शौचालयात पाणी आहे काय? हात धुण्याच्या जागी साबण आहे काय? शौचालयाचे कुलूप कोणाच्या खिशात असते?

शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलामुलींकरिता स्वतंत्र स्वच्छतागृहे असणे आवश्यक आहे. इमारत आहे पण तिला कुलूप आहे, अशा शाळेतील वरच्या वर्गाच्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. ऋतुप्राप्ती झालेल्या मुली त्या दिवसांत घरी राहतात व पुढे शाळा सोडतात. किल्ली मागावयास त्यांना संकोच वाटतो. ज्या शाळेत हे घडते तेथे स्वच्छतेवरील कोणताही पाठ मुलींच्या कानावरून जाईल, कारण शाळेची कृती त्यांना उलट शिकवीत असते.

३. नमुना पाठ : पाणी कोठे बिघडते?

हा पाठ जूनमध्ये, शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा. पहिल्या पावसाबरोबर उकिरड्याची व उघड्यावरची घाण वाहून विहिरीकडे येते, त्यामुळे विषयाची गरज याच वेळी सर्वांत अधिक असते.

साहित्य : काचेची स्वच्छ बरणी, पेला, थोडी नीळ, मीठ, ओगराळे.

आरंभ प्रश्नोत्तरांनी करावा.

शिक्षक : आज सकाळी तुमच्या घरी पाणी कोणी भरले?
मुले : आईने. ताईने. आमच्याकडे नळ आहे, गुरुजी.
शिक्षक : बरे. भरलेले पाणी कशात ठेवले?
मुलगी : माठात.
शिक्षक : आणि पिण्यासाठी कसे घेतले?
मुलगी : पेला बुडवून.
शिक्षक : बुडविताना बोटे कोठे होती?

मुलगी आपल्या बोटांकडे पाहील आणि वर्ग हसेल. तेव्हा शिक्षकाने म्हणावे, “हसू नका. तुम्हा सर्वांची बोटेही तेथेच होती.” यानंतर एका मुलाच्या बोटांना ओली नीळ लावून बरणीतील स्वच्छ पाण्यात पेला बुडवावयास सांगावे. पाण्यात निळी रेघ उतरेल व हळूहळू सर्व पाणी निळसर होईल. निळीचा रंग डोळ्यांना दिसतो, रोगजंतूंना रंग नसतो, हे येथे सांगावे. मग ओगराळ्याने पाणी काढून दाखवावे.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. शाळेतील पिण्याच्या पाण्याचे दोन पेले घ्यावेत, एकात मीठ विरघळवावे व दोन्ही मुलांसमोर ठेवावेत. दिसण्यात भेद नाही. चव घेतल्यावरच कळतो. “पाणी नितळ दिसते म्हणून चांगले आहे” ही समजूत मोठ्या माणसांतही खोलवर रुजलेली असते. ती मुलांच्या मनातून या प्रयोगाने सहज निघते.

तिसरा प्रयोग आरोग्यसेवकाच्या साहाय्याने करावा. जैविक तपासणीच्या दोन बाटल्या मिळवाव्यात. एकीत नळाचे किंवा विहिरीचे पाणी घ्यावे, दुसरीत माठातले. माठ शाळेचा अथवा शिक्षकाच्या घरचा असावा. कोणा विद्यार्थ्याच्या घरचा नसावा. बाटल्या ऊबदार जागी ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत दूषित पाण्याची बाटली काळी पडते. कधी कधी नळाची बाटली जशीच्या तशी राहते आणि माठाची काळी पडते. त्या वेळी शिक्षकाने काही सांगण्याची आवश्यकता उरत नाही. योजनेने पाणी दारापर्यंत शुद्ध आणले, ते घरात बिघडले, हे मुलेच सांगतील.

४. विहिरीचे गणित

वरच्या इयत्तेत वर्तुळाचे क्षेत्रफळ व घनफळ शिकविताना गावच्या विहिरीचे उदाहरण घ्यावे. माप मोठ्या माणसाने दोरीला दगड बांधून घ्यावे. मुलांनी कठड्यापासून दूर उभे राहून आकडे लिहावेत.

समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर आहे.
पाणी = ३.१४ × ४ × ४ × ३ ÷ ४ = ३७.६८ घनमीटर = ३७,६८० लिटर.
निर्जंतुकीकरणासाठी विरंजक चूर्ण, म्हणजे गावात जिला टी.सी.एल. पावडर म्हणतात ती, साधारणपणे हजार लिटरांस ५ ग्रॅम वापरतात. म्हणून लागणारी पावडर १८८.४ ग्रॅम.

आता मुलांना विचारावे : मे महिन्यात पाणी १ मीटर उरले तर? उत्तर ६२.८ ग्रॅम. श्रावणात ते ६ मीटर चढले तर? उत्तर ३७६.८ ग्रॅम. येथे थांबून त्यांना विचार करू द्यावा. बाराही महिने एकच बशीभर पावडर टाकली तर काय होईल? उन्हाळ्यात पाण्याला उग्र वास येईल, लोक नाक मुरडतील व पावडर नको म्हणतील. आणि भर पावसाळ्यात, जेव्हा धोका सर्वांत मोठा, तेव्हा तीच बशी अपुरी पडेल. हे गणित समजलेला मुलगा उद्या ग्रामपंचायतीत बसेल तेव्हा योग्य प्रश्न विचारील.

पावडर कशी टाकतात हे जलसुरक्षकाला बोलावून दाखवावे. ती बादलीत कालवून, पाणी मिसळून, दहा मिनिटे निवळू देतात. वरचे पाणी विहिरीत सोडतात व तळाचा चुना टाकून देतात. त्यानंतर किमान तासभर पाणी भरू नये. नळाला क्लोरीन पोहोचला की नाही, हे ओ.टी. चाचणीच्या पिवळ्या छटेवरून कळते. पावडर व चाचणीचे द्रावण यांना मुलांनी हात लावू नये. त्यांनी केवळ पाहावे आणि नोंद करावी. उघड्या पोत्यातील, ओल लागलेली जुनी पावडर निर्जीव झालेली असते, हेही दाखवावे.

क्लोरीनने जंतू मरतात. पाण्यात विरघळलेले फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही, आणि उकळल्यानेही जात नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना फ्लोराइडचा त्रास आहे. म्हणून रासायनिक तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीकडून मागवून वर्गात वाचावा.

५. दोन खड्ड्यांचे शौचालय

शौचालय बांधलेले असूनही घरातील काही माणसे बाहेर जातात. विचारल्यास “खड्डा लवकर भरेल” असे उत्तर पुष्कळदा मिळते. ही भीती अज्ञानाची आहे आणि ती घालविणे शाळेला शक्य आहे.

फळ्यावर दोन शोषखड्डे व त्यांना जोडणारी कुंडी यांची आकृती काढावी. एका वेळी एकच खड्डा वापरावयाचा असतो. पाच-सहा माणसांच्या कुटुंबास नेहमीच्या मापाचा खड्डा साधारण तीन ते पाच वर्षे पुरतो. तो भरला की कुंडीत त्याची वाट बंद करून दुसऱ्याची उघडावी. पहिला दीड-दोन वर्षे बंद राहिल्यावर त्यातील मळाचे कोरडे, वासरहित खत झालेले असते. खड्ड्याचा तळ सिमेंटने बंद करू नये, व खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या बाजूस असावा. हे अंतर मुलांनी पावलांनी मोजून पाहावे.

या रचनेचा आणखी एक मोठा गुण आहे. यात कोणा माणसाला दुसऱ्याचा ओला मैला हाताने उचलावा लागत नाही. ते काम पिढ्यान् पिढ्या एकाच समाजाच्या माथी मारण्यात आले. कोकणात कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोपे शौचालय व मैल्याचे खत यांवर आयुष्य वेचले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचे काम आपणासही करू द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला होता. हाताने मैला काढण्याच्या प्रथेस १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली. मुलांना हा इतिहास सांगावा, म्हणजे शौचालय हा केवळ आरोग्याचा प्रश्न नसून माणुसकीचाही आहे हे त्यांना कळेल.

६. जलसंजीवनी

सर्व काळजी घेऊनही एखाद्या घरी तान्ह्या मुलाला जुलाब होतात. जुलाबात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. “जुलाब होताना पाणी देऊ नये” ही समजूत म्हणून घातक आहे. तिसरीच्या पुढील प्रत्येक मुलास हे पाठ यावे : एक लिटर शुद्ध पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. आरोग्य केंद्राची पुडी मिळाल्यास ती अधिक चांगली. अंगावरचे दूध चालू ठेवावे. डोळे खोल गेले, मूल सुस्त झाले, पाणी पीत नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. वर्गात हे मिश्रण मुलांकडून करवून घ्यावे, कारण घरी मोठे माणूस शेतावर असताना धाकट्या भावंडाजवळ पुष्कळदा हेच मूल असते.

७. शिक्षकाने पाळावयाची पथ्ये

मुलांना पहाटे शिट्ट्या देऊन लोकांच्या मागे पाठवू नये. कोणाच्या घरी शौचालय नाही हे वर्गात हात वर करून विचारू नये. लाजविलेले मूल घरी जाऊन शिकवीत नाही. ते गप्प होते.

शाळेच्या स्वच्छतागृहाची झाडलोट मुलांकडून शिक्षा म्हणून कधीही करवून घेऊ नये, आणि ठरावीक जातीच्या मुलांना अथवा केवळ मुलींना ती सांगू नये. पाणी भरणे, पिंप धुणे, फळा पुसणे या कामांची पाळी सर्वांना सारखी यावी, व पाळीच्या यादीत शिक्षकाचेही नाव असावे.

गावाचा नकाशा काढताना प्रत्येक वस्तीचे पाणी कोठून येते हे दाखवावे. एखाद्या वस्तीला सर्वांत दूर जावे लागत असेल तर ते नकाशात दिसू द्यावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्वांच्या वतीने जो हक्क बजावला, त्याची आठवण या ठिकाणी द्यावी. पाणी शुद्ध असले पाहिजे तसेच ते सर्वांना मिळाले पाहिजे.

८. नोंदवही

आता वहीविषयी. शंभर-दोनशे पानांची जाड पुठ्ठ्याची एक वही घ्यावी. तिच्यावर शिक्षकाचे नाव नसावे. गावाचे व शाळेचे असावे. तीत पुढील नोंदी मुलांनी स्वतःच्या हस्ताक्षरात कराव्यात :

(अ) गावातील प्रत्येक विहीर, हातपंप, टाकी व नळकोंडाळे. कोणत्या साली झाले, ओटा व कठडा यांची स्थिती, भोवतालचे डबके, उकिरड्याचे अंतर.
(आ) विहिरीतील पाण्याची खोली, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी.
(इ) क्लोरीन चाचणीचा निकाल, आठवड्यातून एकदा, टाकीजवळच्या व सर्वांत शेवटच्या नळावर.
(ई) एप्रिल व ऑक्टोबरच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीस मिळालेले कार्ड : हिरवे, पिवळे की लाल, आणि त्याचे कारण.
(उ) जुलाबामुळे गैरहजर राहिलेल्या मुलांची मासिक संख्या, नावे न लिहिता.
(ऊ) काय बिघडले, कोणास कळविले, दुरुस्त कधी झाले.

ही वही वरच्या वर्गाकडे असावी. वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्या वर्गाने ती पुढच्या वर्गास सर्वांसमक्ष सोपवावी व वर्षभरातील तीन मुख्य गोष्टी तोंडी सांगाव्यात. जूनमध्ये नव्या वर्गाचा पहिला पाठ म्हणजे मागील वर्षाचे वाचन. बदलून आलेल्या शिक्षकासही गावचे पाणी या वहीतूनच ओळखीचे होईल. वर्षातून एकदा, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, शिक्षकाने मुख्याध्यापक व सरपंच यांच्या संमतीने एका विद्यार्थ्याकडून नोंदींचा गोषवारा वाचवावा. आरोप नको, केवळ आकडे व तारखा वाचाव्यात. “हातपंपाचा ओटा ४ जुलैस फुटला, ६ जुलैस कळविले, अद्याप दुरुस्त नाही,” हे वाक्य दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकल्यावर पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला फार वेळ स्वस्थ बसणे कठीण जाते.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी देशाचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त घोषित झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला घरोघर नळ देण्याच्या जल जीवन मिशनची घोषणा झाली. या दोन्हींसाठी मोठा पैसा व मोठे श्रम खर्ची पडले. ते टिकविण्याचे काम लहान व रोजचे आहे. ते झाकण, साबण, ओगराळे आणि वेळेवर केलेली नोंद यांनी व्हावयाचे आहे. ज्या शाळेत अशी वही नाही, तेथे या जूनच्या पहिल्या आठवड्यात ती सुरू करावी. पहिल्या पानावर दिनांक घालावा, वर्गाने विहिरीपर्यंत जावे आणि जे दिसेल ते लिहावे.